आजारी खोलीतलं बिऱ्हाड

घरात दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. वडील ट्रकच्या टायरांची पंक्चरं काढत, आई गणवेश शिवे, ताई औषधांच्या दुकानात कामाला होती. धाकटी अभ्यासात बरी होती. बरी म्हणजे घोकून पहिली येणारी नव्हे, पण झाडाचं पान हाती लागलं की ते उलटं करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. म्हणून तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं.

गावातल्या कॉलेजात हा विषय दोनच वर्षं शिकवत. पदवी पुरी करायची तर तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात बदली घ्यावी लागे. वर्गातल्या बहुतेकींनी तिथेच हात टेकले. कुणाचं लग्न ठरलं, कुणी विषय बदलला. धाकटीही घुटमळत होती. आईनं मशीनवरची मान वर न करता सांगितलं, "अर्ध्यावर सोडलेली शिवण आपोआप उसवते. जा तू."

तर धाकटी गेली. आणि वसतिगृहाच्या ऑफिसात पाय ठेवताच तिला कळलं की आपण ना इकडच्या ना तिकडच्या. नव्या मुलींना खोल्या आधी. जुन्या मुलींच्या खोल्या जुन्या मुलींकडे. मधूनच आलेल्यांचं काय?

रेक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मधूनच आलेल्यांना उरलं तर. आणि उरलेलं नाही."

"मग मी कुठे जाऊ, बाई?"

रेक्टरबाई तोंडाच्या फटकळ, पण दाराशी आलेल्या पोरीला रस्त्यावर काढतील अशातल्या नव्हत्या. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, सुस्कारा टाकला आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. "तळमजल्यावर आजारी खोली आहे. दोन-चार दिवस तिथे टेक. कुणी जागा सोडली की बघू."

आजारी खोली म्हणजे जिन्याच्या पोटातली जागा. दोन लोखंडी पलंग, मध्ये दोरीवर सरकणारा हिरवा पडदा, एक बेसिन, आणि काचेच्या दारांचं कपाट. त्यात पट्ट्या, थर्मामीटर, गरम पाण्याची रबरी पिशवी. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा, त्यामुळे सकाळपासून कुलपांची खटखट. ताप आला, पाय मुरगळला, पोटात कळा येऊ लागल्या की मुलीला वरच्या मजल्यावरून इथे आणून झोपवत. बरी झाली की ती आपल्या खोलीत परत.

धाकटीला परत जायला खोलीच नव्हती.

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले तरी तिनं बॅग उघडून कपडे बाहेर मांडले नाहीत. लागेल तेवढं काढायचं आणि चेन ओढून बॅग पलंगाखाली ढकलायची. रोज सकाळी ती अंथरूण असं घट्ट गुंडाळून ठेवी, की इथे रात्री कुणी झोपलं होतं यावर कुणाचा विश्वास बसू नये. बाहेरून येणारी पावलं दाराशी थांबली की ती उठून उभी राहायची. एक तर कुणी आजारी आलं असेल, नाहीतर रेक्टरबाई "ऊठ आता" म्हणायला आल्या असतील.

आजारी मुली मात्र येत राहिल्या. माणूस आडवं झालं की त्याची जीभ सैल सुटते. एक जण पोट धरून कण्हता कण्हता सांगून गेली, की ती गेल्या वर्षी नापास झालीय आणि घरी कुणाला पत्ता नाही. दुसरीला तापात घरच्या कुत्र्याची आठवण येऊन रडू कोसळलं. धाकटी पाणी द्यायची, कपाळावर ओली घडी ठेवायची, ऐकून घ्यायची. तिला वाटायचं, चला, एक तरी ओळख झाली. दोन दिवसांनी तीच मुलगी व्हरांड्यात समोरून आली, की बाजारात डॉक्टर दिसल्यासारखी ओशाळून मान हलवायची आणि पुढे सटकायची. गरज सरो, वैद्य मरो.

मेसमध्ये तर त्याहून वाईट. कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी तिसऱ्या वर्षाच्या मुलींचा अड्डा असे. त्यांची म्होरकी व्हॉलीबॉलच्या संघाची कॅप्टन. सगळे तिला कॅप्टनच म्हणत. तिच्या शेजारी कायम तिची खोलीतली जोडीदारीण, लंबू. एका दुपारी धाकटीनं धीर केला, ताट घेऊन त्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "इथे कुणी आहे का?"

नळ बंद करावा तसं हसणं थांबलं. कॅप्टननं खुर्चीवरची पिशवी काढली. "नाही नाही. बसा ना."

बसा? आपण हिच्याच वर्षाच्या, आणि ही 'बसा' म्हणते? धाकटी बसली. समोरच्या सगळ्या जणी सूपमध्ये काहीतरी हरवल्यासारख्या खाली बघत होत्या. ती चार घास कसेबसे गिळून उठली. दारापर्यंत पोचली नाही तोच मागे हसण्याचा नळ पुन्हा सुटला. आपल्यात काहीतरी आहे, तिनं ठरवून टाकलं. बोलण्यात, कपड्यात, चालण्यात. या सगळ्यांना दिसतंय आणि मला दिसत नाही.

आईचा फोन यायचा. "मैत्रिणी झाल्या का गं?"

"झाल्या की."

"कोण कोण?"

मग धाकटी त्या कुत्रावालीची गोष्ट सांगायची, मुरगळलेल्या पायाची सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की या सगळ्या रोज तिच्या गळ्यात गळा घालून हिंडतात. "बरं झालं बाई," आई म्हणायची. "माझा जीव टांगणीला लागला होता." आईचा जीव खाली उतरायचा, धाकटीचा तिथेच लोंबकळत राहायचा.

सुखाची जागा एकच होती, प्रयोगशाळा. तिथेही जोड्या पहिल्या वर्षापासून ठरलेल्या. एका मायक्रोस्कोपला दोघी किंवा दोघं, आणि धाकटी एकटीच उरलेली. पण प्रॅक्टिकलच्या मॅडमनी पहिल्याच तासाला तिला हाक मारली होती, "ये गं इकडे. माझी जोडीदार तू." मॅडमना दिवस गेलेले होते. पोट चांगलं दिसू लागलेलं. एक हात कंबरेवर ठेवून त्या बाकांमधून फिरायच्या आणि शेवटी धाकटीच्या बाकाशी येऊन टेकायच्या. धाकटीचा हात या कामात बसलेला होता. देठाचा तुकडा चिमटीत धरून ब्लेडनं इतका पातळ छेद काढायची, की काचेवर ठेवला की दिसायचाच नाही.

"बघू," म्हणून मॅडम तिच्या खांद्याशी वाकायच्या. "अगं, हे सुंदर आहे. थांब हं, आतला लाथा मारतोय. त्यालाही बघायचंय."

आठवड्यातल्या त्या दुपारींवर धाकटी बाकीचा आठवडा काढायची.

अशात कांजिण्या आल्या.

पहिली आली ती कॅप्टन. अंगात फणफणून ताप, गळ्यावर आणि पोटावर पाण्यानं भरलेले फोड. लंबूनं तिला धरून आणलं आणि पलंगावर बसवून मागच्या मागे पळाली. पाठोपाठ रेक्टरबाई नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी धाकटीला विचारलं, "तुला लहानपणी झाल्यात का? झाल्या असतील तर राहा इथेच. नसतील तर आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

"बाहेर म्हणजे कुठे, बाई?"

"घरी जा थोडे दिवस. दुसरं काय सांगू?"

घरी म्हणजे हजेरी गेली, चाचण्या गेल्या, आणि परत आल्यावर ही अर्धी जागा तरी मिळेल याचा काय भरवसा?

"झाल्यात," धाकटी म्हणाली. विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निसटला होता. खरं तर झाल्यात की नाहीत ते तिला ठाऊकच नव्हतं. ती सायकलींच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं आईला फोन लावला.

"झाल्या होत्या की," आई म्हणाली. "अंगभर नुसत्या. तीळ ठेवायला जागा नव्हती. थांब हं, ते तुला का ताईला?"

ताईनं फोन ओढून घेतला. "मला झाल्या होत्या. तुला लागू नयेत म्हणून आईनं मामाकडे धाडलं होतं. का गं?"

"सहज."

"सहज कुणाला कांजिण्या आठवतात? नीट सांग."

"इथे एकीला झाल्यात. वरच्या मजल्यावर. माझा काही संबंध नाही."

"लांब राहा तिच्यापासून. मोठेपणी झाल्या की फार पिडतात. आणि लगेच कळतही नाही, दोन-तीन आठवडे अंगात दबा धरून बसतात."

धाकटीनं त्याच पावली ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. ती दारापर्यंत गेलीही. पण खोटं बोलणं एका क्षणाचं काम, आणि ते मागे घेणं म्हणजे गिळलेला घास बाहेर काढणं. ती वळली, तोंडाला रुमाल बांधला, हिरवा पडदा पार टोकापर्यंत ओढला आणि आपल्या पलंगावर भिंतीला चिकटून बसली.

पडदा ओढून कण्हणं ऐकू यायचं थोडंच थांबतं! कॅप्टन धट्टीकट्टी मुलगी, पण आजारपणात लहान मुलापेक्षा वाईट. खाज सुटली की नखं रुतवायची. धाकटी किती वेळ ऐकत बसणार? ती उठली आणि कापसानं तिच्या पाठीला गुलाबी औषध लावू लागली. तिसऱ्या दिवशी लंबूही आली आणि तिसरा, घडीचा पलंग टाकावा लागला. त्या दोघींचं पाणी, औषध, ताटं, सगळं धाकटीच्या हातून.

"तुम्ही किती करता हो आमचं," कॅप्टन म्हणायची.

"अगं म्हण ना मला," धाकटी म्हणाली. कॅप्टन "बरं" म्हणाली आणि पुढच्या वाक्याला पुन्हा 'तुम्ही'वर आली.

दोघी खपल्या धरून बऱ्या झाल्या आणि वर निघून गेल्या. जाताना आभार मानले. मेसमध्ये लांबूनच हात केला. धाकटी रोज सकाळी बेसिनवरच्या आरशात गळा, छाती, दंड तपासायची. डासाचा चावा दिसला तरी तोंडचं पाणी पळायचं. प्रयोगशाळेत ती हल्ली कोपऱ्यातला बाक धरी आणि मॅडम जवळ आल्या की मान फिरवून बोले. मॅडमना वाटलं, मुलगी कशावरून तरी रुसलीय. दिवस सरत गेले, अंगावर काही उठलं नाही. सुटले बहुतेक, असं तिला वाटू लागलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी अंग जड झालं होतं. कंबर मोडून आल्यासारखी दुखत होती. कानामागे हात गेला तर बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. मुरूम असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मुरूम पाण्यासारखा लिबलिबीत नसतो हे तिलाही ठाऊक होतं. तिनं केस कानावरून पुढे घेतले, लांब बाह्यांचा सदरा घातला आणि गेली. ही परीक्षा हुकली तर वर्ष हुकणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

छेद नीट निघाला. मॅडम फिरत फिरत आल्या, नेहमीसारख्या खांद्याशी वाकल्या आणि नळीला डोळा लावला. त्यांचा गाल धाकटीच्या गालापासून वीतभरही लांब नव्हता.

"छान," त्या म्हणाल्या. मग डोळा काढून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, तुझा श्वास किती गरम लागतोय. बरं नाहीये का?"

धाकटीनं श्वास रोखून धरला आणि मानेनंच 'ठीक आहे' असं सांगितलं. मॅडम पुढच्या बाकाकडे गेल्या. कंबरेवर हात, पाय जरा फाकवून टाकत. धाकटी बघत राहिली. आपण काय करून बसलो ते आता कुठे तिच्या डोक्यात उतरलं. इतके दिवस तिला भीती होती ती स्वतःच्या जागेची. त्या पोटातल्या जीवाचा विचार तिनं हजारदा बाजूला सारला होता, आणि आता तो तिच्या छातीवर येऊन बसला.

ती उठली. उत्तराचा कागद अर्धा कोरा होता. मॅडम बाजूच्या लहान खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, हातात बिस्किट. धाकटी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ये ना आत."

"नको. मॅडम, मला... मला वाटतं कांजिण्या आल्यात. कानामागे फोड आहे. मी आजारी खोलीत राहते. तिथे दोघींना झाल्या होत्या. मी खोटं सांगितलं होतं की मला होऊन गेल्यात. नाही झालेल्या."

मॅडमनी बिस्किट बशीत ठेवलं. "फोड कधी दिसला?"

"आज सकाळी."

"सकाळी दिसला आणि तू आलीस."

"परीक्षा होती."

मॅडमचे दोन्ही हात पोटावर गेले होते, ते तिथेच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू बाहेर जा. सरळ मोकळ्यावर. कशालाही हात लावू नकोस." ओरडल्या असत्या तर बरं, असं धाकटीला वाटलं.

ओरडायचं काम रेक्टरबाईंनी केलं. "तोंडावर सांगितलंस मला! झाल्यात म्हणालीस! त्या बाईचं काही कमी-जास्त झालं तर कोण जबाबदार? तू की मी?" धाकटी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. तिला घरी धाडणंही शक्य नव्हतं. असल्या अंगानं बसमध्ये कोण घेणार? शिवाय बाळंतपणासाठी माहेरी असलेल्या ताईचं बाळ तान्हं. मग पुन्हा तीच आजारी खोली, तोच पलंग. या वेळी मात्र ती खरीखुरी आजारी होती.

आईला आता सगळं सांगणं भाग होतं. आईनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे मैत्रिणी कुणीच नव्हत्या?"

"नव्हत्या."

"मग इतके दिवस तू मला गोष्टी सांगत होतीस."

"हो."

पलीकडे मशीन चालत नव्हती. आईची मशीन दिवसाउजेडी थांबलेली धाकटीनं कधी ऐकली नव्हती. "औषध वेळेवर घे," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ताप चढला. फोड तळव्यांवर, पापण्यांवर, घशात आले. डॉक्टर आले, औषध देऊन गेले. त्यांनी मॅडमचं रक्त तपासायला गेल्याचं सांगितलं. लहानपणी येऊन गेल्या असतील तर बाळाला भीती नाही, नसतील तर लगेच इंजेक्शन द्यावं लागेल, आणि तरीही काळजी राहीलच. मॅडमना स्वतःला काही आठवत नव्हतं. धाकटीला हे ऐकल्यापासून खाज, ताप, काहीच जाणवेना. दाराशी पाऊल वाजलं की ती एकच विचारी, "मॅडमचं कळलं?"

अशाच एका दुपारी दार उघडून आली ती कॅप्टन, हातात ताट.

"माझ्याजवळ येऊ नका," धाकटी म्हणाली.

"आम्हालाच यायची परवानगी आहे. मी आणि लंबू. आम्ही ही परीक्षा पास झालोय." कॅप्टननं ताट ठेवलं, पण तोंड हसरं नव्हतं. "खरं का ते? खोटं सांगून राहिलात इथे?"

"हो."

"का? एवढी काय जिवावरची सेवा? रेक्टरबाईंनी काय सक्ती केली होती?"

"सेवा नाही. मला जायला दुसरी जागा नव्हती."

"म्हणजे? तुमची खोली?"

"हीच माझी खोली."

कॅप्टननं सगळीकडे नजर फिरवली, जणू एखादं दार बघायचं राहून गेलंय. "इथे? कायमच्या? आजारी खोलीत कोण राहतं?"

"मी तिसऱ्या वर्षाला बदली घेऊन आले. जागा उरली नव्हती."

"तिसऱ्या वर्षाला?" कॅप्टन मटकन दुसऱ्या पलंगावर बसली. "आम्हाला वाटलं, तुम्ही... तू... रेक्टरबाईंची भाची आहेस. पोरींवर लक्ष ठेवायला आणलेली. ती कुत्रावाली सांगत होती, तिनं तुझ्यापाशी काय काय बडबड केली, आणि मग महिनाभर घाबरून होती की वर कळणार म्हणून. तू टेबलाशी आलीस की आम्ही तोंडाला कुलूप घालायचो."

धाकटीला हसू आलं. घशातल्या फोडांमुळे ते खोकल्यासारखं निघालं, आणि मग ते हसू राहिलं नाही, डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. कॅप्टन पाठ थोपटायला पुढे झाली, पण पाठीवर फोडाशिवाय जागा शोधता येईना, म्हणून तिनं उशी थोपटली.

रक्ताचा निकाल दोन दिवसांनी आला. रेक्टरबाई स्वतः सांगायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "येऊन गेल्यात त्यांना लहानपणी. बाळ सुखरूप आहे." मग जरा थांबून, "ऐकलंस का गं?" धाकटीनं भिंतीकडे तोंड केलं आणि मान हलवली. त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

कॅप्टन आणि लंबू आळीपाळीनं येत राहिल्या. एकदा लंबू नखं कापत बसली असता बोलून गेली, "एवढं माहीत असतं, तर आपल्या तिसऱ्या पलंगावर..." कॅप्टननं डोळे वटारले. लंबूनं जीभ चावली.

"कुठला तिसरा पलंग?" धाकटी उठून बसली.

कॅप्टननं सांगून टाकलं. त्यांच्या खोलीत तिघींची जागा. तिसरी मुलगी वर्ष सुरू व्हायच्या आधीच मावशीकडे राहायला गेली होती, पण नाव तसंच ठेवलं होतं. हजेरी घेताना या दोघी 'अभ्यासिकेत गेलीय' म्हणून वेळ मारून नेत. "कळलं असतं तर बाईंनी कुणालाही आमच्यात आणून घातलं असतं. आम्हाला नको होतं कुणी."

"पलंग रिकामा आहे?"

"व्हॉलीबॉलची नेट ठेवलीय त्यावर. आणि मोजे वाळत घालतो."

धाकटीच्या कानशिलाशी काहीतरी उसळलं. ताप नव्हता तो. "मी इथे रोज सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवत होते. कुणी हाकलू नये म्हणून. तुझ्या पाठीला औषध लावत होते. आणि वर पलंगावर तुमचे मोजे झोपले होते?"

"हो," कॅप्टन म्हणाली. ती मान खाली घालून बसली नाही की तिनं सारवासारवही केली नाही. उठून गेली. दुसऱ्या दिवशी लंबूकडून कळलं, की कॅप्टननं ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं, रेक्टरबाईंची यथेच्छ बोलणी खाल्ली, आणि दोघींची बाहेर जायची मुभा महिनाभर बंद झाली. तिसरा पलंग धाकटीचा झाला.

धाकटी प्रयोगशाळेत परतली तेव्हा मॅडम रजेवर गेल्या होत्या. एकदाच, त्या आपल्या टेबलावरचं सामान न्यायला आल्या तेव्हा, व्हरांड्यात गाठ पडली. धाकटीनं माफी मागायला तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर केला.

"सांगितलंस, ते चांगलं केलंस. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आजही तुझ्याकडे बघून मला पूर्वीसारखं हसू येत नाही. येईलही पुढे कधी." त्या दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "परीक्षा परत घेतील तुझी. मी सांगून ठेवलंय."

वरच्या खोलीत गेल्यावर सगळं गोड झालं असं नाही. धाकटी पहिले काही दिवस पलंगाच्या कडेवर अंग चोरून झोपे. दिवा लावायच्या आधी विचारी, खुर्ची ओढायच्या आधी विचारी. मेसमधल्या त्या लांब टेबलाशी तिला आता जागा होती, पण टेबलावरचे अर्धे विनोद दोन वर्षांपूर्वीचे. सगळ्या हसल्या की ती मागाहून हसायची. कपाळावर एक खड्डा राहिला तो राहिलाच. आईला आता ती एखाद्या दिवशी सांगायची, "आज कुणाशी फार बोलणं झालं नाही." आई म्हणायची, "बरं. जेवलीस ना?"

मग एका सकाळी कॅप्टन सरावाहून घामाघूम होऊन आली आणि तिनं खिडकी सताड उघडली. टेबलावर धाकटीनं आदल्या दिवसापासून वाळवत ठेवलेली, कागदांत दाबलेली पानं होती. वारा आला आणि पानं खोलीभर झाली. अर्धी लंबूच्या बुटाखाली.

"डोळे फुटलेत का?" धाकटी ओरडली. "दिसत नाही टेबलावर काय आहे ते? खोली काय तुझ्या एकटीच्या बापाची आहे?"

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. झालं, संपलं. आता बॅग.

"मग खिडकीपाशी कशाला मांडतेस?" कॅप्टन तेवढ्याच जोरानं ओरडली. "पाला गोळा करतेस तो करतेस, वर आम्हालाच दम?"

"पाला नाही तो!"

"बरं, नाही पाला!" कॅप्टन धाडकन खाली बसली, गुडघ्यांवर रांगत पलंगाखाली गेली आणि एक पान बाहेर काढून तिच्यापुढे धरलं. "हे कुठलं? याचं टोक तुटलंय."

"ते नको. ते गेलं." धाकटीनं दुसऱ्या पलंगाखाली हात घातला. "लंबू, पाय उचल."

लंबूनं पाय उचलला.